सात पोती माती

शेत विकलं त्या दिवशी, कागदावर अंगठे आणि सह्या झाल्यावर, अब्बांनी घेणाऱ्या माणसाकडे एकच गोष्ट मागितली. म्हणाले, "बांधाजवळची सात पोती माती नेऊ द्या." माणूस भला होता. हसला नाही. चार दिवसांनी त्याच्याच टेम्पोत पोती भरून न्हावरा-चौफुला रस्त्याने दौंडला आला, आमच्या दारात उतरवून गेला. भाडं विचारलं तर हात जोडले.

ही गोष्ट २०२३ सालच्या मे महिन्यातली. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठाला आमचं पावणेदोन एकर होतं. अम्मीचं आजारपण दोन वर्षं चाललं. अम्मी गेली, कर्ज राहिलं. शेत विकायचं हे अब्बांनीच ठरवलं, कुणी त्यांना भरीस पाडलं नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण अशा गोष्टीत लोक लगेच मुलाला नाहीतर सुनेला दोषी धरतात.

भाऊ पुण्यात चौथ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहतो. त्याची दोन मुलं मोठी होतायत. म्हणून अब्बा माझ्याकडे, दौंडला आले. आमच्याकडे जुनी माणसं लेकीच्या घरचं पाणीही मोजून पितात, हे तुमच्यापैकी अनेकांना सांगायला नको. अब्बा पहाटे सगळ्यांच्या आधी अंघोळ उरकायचे. अंथरूण स्वतः घडी करून कोपऱ्यात ठेवायचे. चहा हवा असला तरी मागायचे नाहीत, कुणी केला तर प्यायचे. माझे मिस्टर रेल्वेत आहेत, मनाने मोकळे. त्यांनी कितीदा सांगितलं, "अब्बा, हे तुमचंच घर आहे." अब्बा मान हलवायचे आणि पुन्हा खुर्चीच्या कडेवर बसायचे. ज्या माणसाने चाळीस वर्षं गड्यांना, बैलांना, पाटाच्या पाण्याला हुकूम सोडले, तो माझ्या घरात पाहुणा होऊन किती लहान झाला, ते मी रोज बघत होते.

पोती अंगणात भिंतीशी पडून होती. पावसाळ्यात त्यांच्यावर गवत उगवलं. त्यात एक हरभऱ्याचं रोपही आलं. अब्बांनी ते उपटलं नाही.

संक्रांतीनंतर, म्हणजे २०२४ च्या जानेवारीत, मी ठरवलं की या मातीत काहीतरी लावायचं. मी उर्दू आणि मराठी शिकवते. बी.एड.ला पाठाचं टाचण काढायची सवय लागली ती अजून सुटलेली नाही. वहीत नीट लिहून काढलं: हॉटेलवाल्याकडून तेलाचे पंधरा लिटरचे रिकामे डबे, बांधकामावरून रंगाच्या बादल्या, दोन फुटके माठ. डब्यांना खिळ्याने भोकं पाडली, तळाला खडे टाकले, वर अब्बांची काळी माती काठोकाठ भरली. टोमॅटो, मिरची, वांगी, कोथिंबीर. घरच्या मातीत घरची भाजी, अब्बांना किती बरं वाटेल, असा माझा हिशेब.

मार्चमध्ये रमजान लागला तोवर निम्मी रोपं पिवळी पडली होती. पाणी घातलं की माती कणकेसारखी व्हायची. दोन दिवस ऊन लागलं की तिला भेगा पडायच्या आणि ती डब्याच्या पत्र्यापासून बोटभर सुटायची. मग वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खालच्या भोकाने बाहेर जायचं. अंगण ओलं आणि मुळं कोरडी. पत्रा उन्हात असा तापायचा की हात लावला तर चटका बसे, आत मुळांचं काय होत असेल ते वेगळं सांगायला नको.

अब्बा रोज बघत होते, बोलत नव्हते. एके दिवशी इफ्तारनंतर म्हणाले, "मिट्टी कू जगा नइं मिली, बेटा." मातीला जागा मिळाली नाही.

पुढे वाचत गेले तेव्हा कळलं की ते बरोबर बोलले होते. काळ्या मातीत चिकणमाती भरपूर. ती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की आक्रसते. शेतात हा तिचा गुण असतो. तिथे खाली हात-दीड हात माती असते, ती वरचं पाणी ओढून घेते. गांडुळं वाट करतात, जुन्या पिकाची मुळं कुजून पोकळ्या ठेवतात. तीच माती फूटभर डब्यात कोंडली की खालून ओढणारं कुणी नाही. पाणी तळाशी साचून राहतं, मुळांना हवा मिळत नाही. तळाला खडे टाकले तर पाणी निघून जातं, हा समजही चुकीचा. खड्यांमुळे साचलेलं पाणी फक्त वर सरकतं आणि मुळांची जागा तेवढी कमी होते. मी प्रत्येक डब्यात तीन-तीन इंच खडे घातले होते!

माझी मोठी बहीण, आपा, श्रीवर्धनला दिली आहे. घाटावरची मुलगी कोकणात दिली म्हणून तेव्हा नात्यात कुजबुज झाली होती. त्यांची नारळ-सुपारीची वाडी होती. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि त्या किनाऱ्यावरच्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली, पण सुपारीचं झाड लावल्यावर फळ धरायला सहा-सात वर्षं जातात. नारळालाही तितकाच धीर लागतो. आपाच्या वाडीत पिढ्यानपिढ्या सावली होती, ती एका दुपारीत गेली. कधी ऊन न बघितलेल्या जमिनीवर लख्ख ऊन पडलं. ती फोनवर रडत नव्हती, फक्त म्हणाली होती, "अंगणात उभं राहिलं की डोळे दिपतात गं."

नवी रोपं मोठी होईपर्यंत करायचं काय? आपाने फुटक्या बादल्यांत, घमेल्यांत मिरची, टोमॅटो, माठ, लाल भोपळा लावायला सुरुवात केली. जमिनीत का नाही, असं मी विचारलं होतं. ती म्हणाली, एक तर नव्या सुपारीच्या मुळांशी खणाखणी नको. दुसरं म्हणजे डबा उचलता येतो. माघ-फाल्गुनात समुद्राकडून दमट हवा येते, पहाटे धुकं पडतं, आंब्याच्या मोहोरावर भुरी येते, त्याच हवेत टोमॅटोचं पानही काळं पडतं. खारा वारा सुटला की कोवळी पानं कडेने करपतात. जमिनीतलं झाड जागेवर मार खातं. डब्यातलं झाड ओट्याच्या आडोशाला नेता येतं.

तर मी आपाला फोन लावला. तिने विचारलं, "मातीत काय मिसळलंस?"

"काही नाही. अब्बांची माती आहे ती."

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "माती एक हिस्सा घे. एक हिस्सा शेणखत, एक हिस्सा काहीतरी भुसभुशीत. आम्ही सोडणाचा भुसा घालतो. तुमच्याकडे नारळ नाही, पण ऊस आहे ना?"

दौंड तालुक्यात ऊस आहे का, असं विचारणं म्हणजे कोकणात पाऊस आहे का विचारण्यासारखं! गुऱ्हाळं चिपाडं जळणाला वापरतात, पण रसवंतीवाला उन्हाळ्यात चिपाडं कुठं टाकू म्हणून हैराण असतो. डॉ. आर. टी. दोशी यांनी मुंबईत गच्चीवर अशाच चिपाडांत भाजीपाला पिकवून दाखवला. त्याआधी श्री. अ. दाभोळकरांनी, जे मूळचे गणिताचे प्राध्यापक, प्रयोग परिवारातून लोकांना काडीकचऱ्यापासून कसदार माती करायला शिकवलं. म्हणजे वाट मळलेली होती, मीच उशिरा पोचले.

पण अब्बांना हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा बदलला. "मेरी मिट्टी में मिलावट?" एवढंच बोलून ते आत गेले. तीन दिवस अंगणात आले नाहीत. रोजा सोडताना खजूर घ्यायचे, पाणी प्यायचे, नमाज पढायचे, झोपायचे. मला इतकं अपराधी वाटलं की सगळं सोडून द्यावं. जमीन गेली, बायको गेली, हातात सात पोती राहिली आणि त्यांतही लेक म्हणते, ही अशीच्या अशी चालणार नाही.

त्याच आठवड्यात शाळेत नववीच्या वर्गावर मराठीत आलेले फारसी-अरबी शब्द शिकवत होते. मुलींना म्हटलं, शेतीतलेच शोधा. जमीन फारसी. बाग फारसी, तिच्यावरून बागायत. जिरायत अरबीवरून. खरीप अरबी. डाळिंबाचा आंबे बहार, मृग बहार, त्यातला बहार फारसी, अर्थ वसंत. आणि रब्बी? एका मुलीने हात वर केला, "टीचर, रबीउल अव्वलमधला रबी?" हो, तोच. अरबीत रबी म्हणजे वसंत. वसंतात काढणीला येतं ते रब्बीचं पीक. आमचे अब्बा सातवी शिकलेले. जन्मभर रब्बी केली, पण तो शब्द कुठून आला हे त्यांनी कधी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. शब्द मिसळला, मुरला, मराठीचा झाला.

संध्याकाळी मी त्यांना हे सांगितलं. मग विचारलं, "अब्बा, शेतात तुम्ही दरसाल शेणखत टाकायचात. पाचट कुजवायचात. एका वर्षी तळ्यातला गाळ ओढून आणला होतात. ती मिलावट होती का?"

लगेच काही बोलले नाहीत. तरावीहला जाऊन आले. झोपण्याआधी म्हणाले, "चिपाड ओलं घालू नको. आधी कुजव. नाहीतर ते कुजताना रोपाचं खाणं खातं."

हे मला माहीत नव्हतं. ताजं चिपाड कुजवणारे जिवाणू मातीतलं नत्र स्वतःला घेतात आणि रोपं पिवळी पडतात, हे नंतर वाचलं. अब्बांनी ते पाचटाच्या अनुभवावरून सांगितलं होतं. त्या उन्हाळ्यात आम्ही काही लावलं नाही. खड्डा केला, चिपाड, शेण, पाला, थोडी काळी माती असे थर दिले, पाणी शिंपडत राहिलो. दिवाळीपर्यंत चहाच्या चोथ्यासारखं काळं, मोकळं खत तयार झालं. डब्यांना बाहेरून चुना मारला, पश्चिमेच्या बाजूला गोणपाट गुंडाळलं, म्हणजे पत्रा तापत नाही. नोव्हेंबरात रोपं टाकली. जानेवारीला बेचाळीस डबे हिरवेगार झाले होते.

मग धुकं आलं.

दौंडचं धुकं कोकणातल्यासारखं समुद्राचं नसतं. भीमेचं पात्र, कालवे, भिजवलेले उसाचे फड यांतून ओल हवेत असतेच. आभाळ निरभ्र, वारा पडलेला अशा थंड रात्री जमीन झपाट्याने गार होते आणि ती ओल जमिनीलगत पांढरी होऊन बसते. सकाळी स्टेशनात गाडीची शिटी ऐकू येते, गाडी दिसत नाही. त्या जानेवारीअखेर सलग तीन दिवस असं झालं. मला छानच वाटत होतं, मी फोटो काढत होते.

तिसऱ्या दिवशी सातच्या सुमारास अब्बा अंगणात आले. धुकं उठलेलं नव्हतं. त्यांनी टोमॅटोचं खालचं पान उलटं करून बघितलं, बोटांनी चोळलं. तपकिरी ठिपका, त्यात गोल गोल रेघा. "करपा," ते म्हणाले. आणि मग मोठ्याने, अगदी शेतात गड्याला हाक मारावी तसं, माझ्या मिस्टरांना हाक मारली: "जमालो जरा! हे सगळे डबे हलवायचे!"

माझे मिस्टर रात्रपाळी करून नुकतेच आले होते. तसेच उठून बाहेर आले.

मी डबे भिंतीला खेटून, एकमेकांना चिकटून ठेवले होते. जागा वाचते म्हणून. अब्बांनी सांगितलं, दव पडणं काही आपल्या हातात नाही. पान किती वेळ ओलं राहतं ते आपल्या हातात आहे. बुरशीचं बीज ओल्या पानावर काही तास मिळाले तरच रुजतं. पान लवकर सुकलं तर ते तसंच मरतं. म्हणून डबे पूर्वेला, सकाळचं पहिलं ऊन लागेल तिथे. दोन डब्यांत हातभर अंतर, वारा खेळला पाहिजे. मातीला टेकलेली खालची पानं काढून टाकायची, डागाळलेली जाळायची. पाणी संध्याकाळी नाही, सकाळी, आणि तेही बुडाला, पानावर नाही. मातीवर पाचटाचं आच्छादन, म्हणजे पाण्याचे शिंतोडे उडून माती पानाला लागत नाही. भोपळ्याच्या पानावर पांढरी भुरी दिसली तर आंबट ताक पाण्यात मिसळून फवारायचं.

"एका सालात असंच धुकं पडलं होतं," ते डबे सरकवता सरकवता म्हणाले. "कांद्याला जांभळा करपा आला. एक एकर कांदा. उचलून कुठं नेणार? बघत उभा राहिलो. हे डबे बरे, उचलता येतात."

नऊ वाजता सूर्य वर आला तेव्हा बेचाळीस डबे नव्या जागी होते आणि दोघेही घामाने भिजले होते. अब्बा खुर्चीत बसले. कडेवर नाही, पाठ टेकून. आत बघून म्हणाले, "चहा टाक गं. आलं घाल."

पावणेदोन वर्षांत त्यांनी माझ्या घरात पहिल्यांदा चहा मागितला होता. मी स्वयंपाकघरात गेले आणि आलं किसताना उगाच फार वेळ लावला.

सगळं वाचलं असं नाही. टोमॅटोचे सहा डबे गेले. पण बाकीचे राहिले. २०२५ चा रमजान २ मार्चला सुरू झाला तेव्हा पुदिना, कोथिंबीर, मिरची घरची होती. इथे ऊन तापायला लागलं की कोथिंबीर लगेच फुलावर येते. आपाकडे दमट हवेत ती जरा जास्त टिकते, पण तिच्या पुदिन्याला गोगलगायी खातात. मार्चअखेर मी कोथिंबिरीच्या जागी गवार आणि भेंडी लावली, त्यांना ऊन मानवतं. उन्हाळ्यात आमच्याकडे पाणी मोजून वापरावं लागतं. अब्बांनी वुजू करण्याच्या जागेभोवती पुदिन्याचे डबे अर्धगोल मांडले, पाच वेळचं पाणी त्यांत जायचं. वाहत्या नदीकाठीही वुजूला पाणी वाया घालवू नये, ही शिकवण आम्ही मदरशात पाठ केलेली. तिचा अर्थ मला त्या डब्यांपाशी कळला.

त्या वर्षी पाडवा ३० मार्चला आणि ईद ३१ ला. शेजारच्या काकूंनी गुढीसाठी आमच्या डब्यांतला झेंडू नेला आणि गाठी देऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी शीरखुर्म्याचा डबा त्यांच्याकडे गेला. अब्बांनी त्यांना झेंडूचं बी पुडीत बांधून दिलं आणि सांगितलं, टोमॅटोशेजारी लावा, मुळाला गाठी आणणाऱ्या किड्याला झेंडू आवरतो.

आता पोत्यांचा हिशेब सांगते. चार पोती आमच्या डब्यांत मुरली. पाचवं अब्बांनी ईदनंतर एसटीने श्रीवर्धनला पाठवलं. कोकणात कुणी घाटावरची माती नेतं का, म्हणून आपा हसली. पण तिने ती लाल मातीत मिसळली आणि त्यात लावलेल्या वांग्याचा फोटो अब्बांना पाठवला. सहावं भाऊ घेऊन गेला. त्याच्या बाल्कनीत आता चार बादल्या आहेत, त्याचा धाकटा मिरच्या मोजतो. पावणेदोन एकराची वाटणी कधी झालीच नाही. सात पोत्यांची झाली, आणि त्यात लेकींनाही हिस्सा मिळाला.

मागच्या महिन्यात अब्बांना शिरूरला घेऊन गेले होते. शेत लांबून दाखवलं. नव्या मालकाने ऊस लावलाय. अब्बा नदीकडे बघत म्हणाले, "हे पाणी भीमेला मिळून आपल्या दौंडवरूनच जातं." आपल्या दौंडवरून. मी काही बोलले नाही.

सातवं पोतं अजून भिंतीशी उभं आहे, तोंड बांधलेलं. यंदा डबे वाढवायचेत म्हणून ते सोडू का, असं विचारलं. अब्बा म्हणाले, "ते राहू दे. लागेल." कशाला लागेल, ते मी विचारलं नाही. पावसात भिजू नये म्हणून त्यावर ताडपत्री टाकली आहे.